सलाइनवरचा नेचा

“हे इथं कसं रे?” असं विचारताना चाचा डोक्यावरची टोपी मागे सारायचे. कुठेही हिरवं काही दिसलं की हाच प्रश्न. मदिनेच्या ज्या हॉटेलात मी एसी दुरुस्त करतो, तिथे ते प्लंबर होते. माझ्यासारखेच रत्नागिरीकडचे.

जुम्म्याची नमाज आटोपली की ते मला गाडीत घालून शहराबाहेर न्यायचे, ज्वालामुखीच्या काळ्या दगडांच्या माळावर. तिथे गुहा आहेत. लाव्हा वाहून गेला आणि मागे लांबच लांब पोकळ नळ्या राहिल्या. “बघ, एक जॉइंट नाय,” चाचा भिंतीवरून हात फिरवत म्हणायचे.

अशाच एका गुहेच्या तोंडाशी, फटीत, त्यांना नेचा सापडला. आपल्याकडे विहिरीच्या कडेला असतो तसलाच, पण तपकिरी, मूठ आवळल्यासारखा. “तहानलाय बिचारा,” म्हणत चाचांनी सलाइनची नळी पैदा केली, वर पाण्याचा कॅन टांगला आणि थेंब थेंब पाणी सुरू केलं. कोकणातल्या माणसाचा पाण्यावर भारी भरवसा!

मी हसलो. ते हसले नाहीत. “हा जगला तर मी कायमचा घरी जाणार. नाय तर इकामा रिन्यू, इथंच राहायचं.”

याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा. रजेवर गेले की घरचे त्यांना जागचे हलू देत नसत. खाऊ घाल, पाय चेप, लाडच लाड. पंधरवड्यात चाचा अंथरूण धरत आणि मदिनेत उतरले की ठणठणीत होत. घर आपल्याला मानवतं की नाही, हेच त्यांना कळेनासं झालं होतं.

नेचा कुजला, पाण्यानंच. काळा देठ हातात घेऊन चाचा बसून राहिले. “पाणी पाजून मेला? मला कायच समजत नाय रे.”

मलाही समजलं नाही. त्याहून समजलं नाही ते पुढचं. महिन्याभरात चाचांनी फायनल एक्झिट घेतली, कायमचे घरी निघाले. विमानतळावर मी म्हटलं, “चाचा, नेचा तर मेला ना?”

“मेला तर मेला. तुझी चाची जिती हाय ना अजून.”

यंदा पाऊस शिंतडून गेल्यावर मी एकटाच तिकडे गेलो. कुजलेल्या नेच्यापासून हातभर अंतरावर, दुसऱ्या फटीत, तसाच एक नेचा उलगडून हिरवागार झाला होता. मी उभ्या उभ्या चाचांना फोन लावून ते सांगितलं. मागून चाची ओरडत होत्या, “आधी सरबत संपवा!”

चाचा आवाज अगदी खाली आणून म्हणाले, “त्याला पाणी घालू नको हां.”

माझ्या हातात भरलेला कॅन होता. तो मी तसाच गाडीत परत ठेवला.