वहीतली बरोबरची खूण
तुरीच्या भुशाचा वास आला की मला अहमदपूरजवळची ती डाळ मिल आठवते. कामाच्या ठिकाणी निरोप कसा पोचतो, यावर माझी पीएच.डी. चालू होती आणि मी तिथं दिवसभर वही घेऊन बसायचे. एकदा चाळणीचा पट्टा निसटला. मोटार बंद करून मिस्त्री तो बसवायला आत वाकले आणि मुकादम मलाच ओरडून म्हणाले, "मॅडम, ऑपरेटरला सांगा, मोटार चालू करू नको. आत माणूस हाय." बाकीच्या मशिनींच्या घरघरीत मी धावत जाऊन ओरडून सांगितलं. ऑपरेटर होकारार्थी मान हलवून म्हणाला, "हाव." मी वहीत 'निरोप पोचला' लिहिलं, पुढं बरोबरची खूण केली. मान वर केली तर त्याचा हात बटणावर. पट्टा फिरला, मिस्त्री किंचाळले. मुकादमांनी झेप घेऊन मेन स्विच बंद केला. मिस्त्री बाहेर आले. खांद्यावरचा रुमाल पट्ट्यानं ओढून नेला होता, हात मात्र शाबूत होता. ऑपरेटर मला म्हणाला, "मॅडम, मला 'चालू' ऐकू आलं. 'नको' आलंच न्हाई." आता मी नांदेडला शिकवते. वर्गातून एका सुरात "हाव" आलं, की अजूनही मी म्हणते, "काय ऐकलंत, ते मला परत सांगा."