ओझेलामावशीच्या वहीत उरलेलं पान

ओझेलामावशीनं अमेरिकेत, अलाबामात चाळीस वर्षं गोऱ्यांच्या घरी राबून म्हातारपणी वहीत आपलं आयुष्य लिहिलं. ती छापायला आम्ही दोघी आमच्या काळ्यांच्या चर्चमधल्या पाद्रीबुवांकडे गेलो.

"गोऱ्यांचं झकास लिहिलंयस," ते म्हणाले. "पण नवऱ्याच्या माराचं कशाला? आपलीच माणसं उघडी पाडतेस? ती पानं काढ, मग छापू."

मग ग्रंथालयातल्या गोऱ्या बाई. "नवऱ्याचं अजून लिही ना, ओझेला! बाईचं दुःख सगळीकडे सारखंच. पण मालकिणीबद्दल फार कडवट लिहिलंयस. ते काढलंस तर इथे ठेवू."

"नवऱ्यानं सुजवलेलं तोंड घेऊन मी मालकिणीच्या घरी काळ्यांसाठीच्या मागच्या दारानंच आत जायचे, बाईसाहेब. वेगळं कसं करू?"

बाईंनी वही मिटून परत दिली. डोंबलाचं सारखं!

घरी मावशी म्हणाली, "फाड गं दोघांना नको असलेली पानं. काहीतरी तर राहील."

तिच्या अंत्यविधीला पाद्रीबुवांनी वहीत उरलेलं एकमेव पान वाचलं, पीचच्या मुरंब्याची कृती. ग्रंथालयाच्या बाईंनीही डोळे पुसले. नवऱ्यानं मोडलेल्या मावशीच्या हातानंच मालकिणीनं तो मुरंबा ढवळून घेतला होता, हे आधीच्या पानावर होतं. ते मीच फाडलं होतं.