कापसाच्या खोलीतलं गाणं

दार उघडलं तेव्हा कापसातून धूर निघत होता आणि माझी नात त्याच्याकडे पाठ करून, डोळे मिटून गात होती. गिटारवाला आणि ड्रमवाली आपल्याच नादात होते. तिघांच्याही कानांवर हेडफोन.

वलगावला आमच्या घरी भाव येईपर्यंत कापूस खोलीत भिंतींना लागून आढ्यापर्यंत भरून ठेवतात, मधे थोडी जागा उरते. नात म्हणाली होती, "आजी, कापसात आवाज घुमत नाई. स्टुडिओ कायले पायजे?" त्यांचं ते रॉकचं पहिलं गाणं होतं. मी हो म्हटलं. कापूस आतल्या आत जळत जातो हे तिला माहीत नव्हतं, मला होतं. तरी त्यांच्या वायरी मी कापसावरूनच जाऊ दिल्या.

मी हाका मारल्या, कुणाला ऐकू जाईना. शेवटी आत शिरले आणि तिच्यासमोरच्या माईकमध्येच ओरडले, "बाहेर निंगा पोट्टेहो, जळून मराल." तेव्हा तिघांनी मान वर केली.

पळताना त्यांनी लॅपटॉप उचलला होता; त्यात रेकॉर्ड झालेलं माझं ते ओरडणं त्यांनी गाण्यात तसंच ठेवलं. अकोल्याच्या कार्यक्रमात पोरंपोरी हसत हसत माझ्यासारखंच ओरडली. एक पोरगी मला म्हणाली, "आजी, काय ॲक्टिंग केली तुमी." मी पदराखाली हात घट्ट धरून बसले होते. अजूनही गाणं लागलं की मी आधी नात कुठं आहे ते पाहते.

कापूस गेला, खोली गेली. आत तिघं होते. तिघंही जिवंत आहेत, आणि मीही.