फाटक्या स्पीकरचं चित्र

मामाच्या दुकानाचा एक नियम होता. दुरुस्तीला आलेली वस्तू उघडली, की आधी तिचं चित्र काढायचं. कुठली तार कुठे जाते, काय तुटलंय, किती फाटलंय, सगळं पेन्सिलीनं वहीत उतरवायचं आणि मगच दुरुस्तीला हात घालायचा. भाच्याला हे काम मानवलं, कारण त्याची बोटं मुळातच स्वस्थ बसत नसत.

त्या बोटांमुळेच सगळे त्याला ‘सुसाट’ म्हणत. दिवसभर सोल्डरिंग आणि संध्याकाळी गिटार. हेवी मेटलचे दिवस होते ते. चौघांचा बँड होता. मावसभाऊ गायचा, बेकरीवाला ड्रम बडवायचा. सगळ्यांचे केस खांद्याखाली आणि पँटी इतक्या घट्ट, की बसताना विचार करावा लागे. आई म्हणायची, “केस वाढव बापडा, पण मोरी तुंबली की तीही तूच मोकळी करायची.”

दर शनिवारी संध्याकाळी जुन्या थिएटरच्या वरच्या हॉलमध्ये ते वाजवत. तीनशे माणसं यायची. शेवटच्या गाण्यात मध्येच बाकीचे तिघं थांबत. बेकरीवाला काठ्या मांडीवर ठेवून पाणी पीत बसे आणि सुसाट एकटा अडीच मिनिटं वाजवे. ती अडीच मिनिटं रचायला त्याला तीन वर्षं लागली होती. रेडिओचे स्क्रू फिरवताना, आंघोळ करताना त्यानं त्यातला एकेक सूर घोटला होता. त्याच्याकडे स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

मग एका वर्षात वारं फिरलं. रेडिओवर वेगळीच गाणी लागू लागली. सुरुवात पुटपुटल्यासारखी, मग एकदम आरडाओरडा, पुन्हा पुटपुटणं. गिटारवर तीन-चारच कॉर्ड, त्याही मळक्या आवाजात. याला ग्रंज म्हणतात म्हणे. गाणारे ढगळ स्वेटर आणि चौकडीचे शर्ट घालून थेट अंथरुणातून उठून आल्यासारखे. मामा फोटो बघून म्हणाला, “यांच्या घरी इस्त्री बिघडलीय वाटतं. आपल्याकडे पाठवा.”

सुसाट पोट धरून हसला. पण ते हसू फार दिवस पुरलं नाही. तीनशेची दीडशे झाली, दीडशेची साठ. कॅसेटच्या दुकानात मेटलच्या कॅसेटी सगळ्यात खालच्या फळीवर गेल्या. वाकल्याशिवाय दिसत नसत.

हॉलचा मॅनेजर भला माणूस. त्यानं चौघांना बोलावलं. “सुसाट, मला तुझं वाजवणं आवडतं रे. पण तुझं ते मधलं सुरू झालं, की पोरं बाहेर जाऊन उभी राहतात. ते काढ, नाहीतर शनिवार दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल.”

“काढू की,” मावसभाऊ म्हणाला. “अडीच मिनिटांचा तर प्रश्न आहे.”

“मग अडीच मिनिटं तुझं गाणं काढू,” सुसाट म्हणाला आणि दुकानात निघून आला.

त्याच आठवड्यात ढगळ स्वेटर घातलेली एक मुलगी गिटारचा अॅम्प्लिफायर ठेवून गेली. तक्रार एवढीच, की आवाजाचं बटण खरखरतं. सुसाटनं तो उघडला. बघतो तर आतल्या स्पीकरचा कागद तीन ठिकाणी फाटलेला. एक चीर लांब, दोन आखूड. नियमाप्रमाणे त्यानं तिन्ही मापून वहीत उतरवल्या. त्याला पोरीची दया आली. बटण तर साफ केलंच, वर पातळ कागद आणि गोंद लावून तिन्ही चिरा अशा बुजवल्या, की बोटालाही कळू नयेत.

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानातच वाजवून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

“दादा, आवाज कुठे गेला?”

“कुठला आवाज? स्वच्छ तर येतोय.”

“तोच तर नको होता. फाटका पाहिजे होता मला. परवा हॉलवर वाजवून दाखवायचंय. शनिवार मिळतोय का बघते.”

मामा चष्म्यावरून सुसाटकडे बघत होता. ‘आता नाही होणार’ म्हणून मोकळं व्हायला कुणाची हरकत नव्हती. त्यानं वही काढली, चित्र समोर धरलं आणि ब्लेडनं त्याच तीन चिरा पुन्हा पाडल्या. मोजून, मिलिमीटरही इकडेतिकडे नाही.

तिनं एक कॉर्ड छेडली. सगळं दुकान घोगरं झालं. “हाच,” ती म्हणाली.

शनिवार तिला मिळाला. सुसाटनं मधलं काढलं नाही. बँडच्या शेवटच्या शनिवारी त्यानं अडीच मिनिटं चाळीसेक लोकांपुढे वाजवली. त्यात ती स्वेटरवाली मुलगीही भिंतीला टेकून उभी होती. रविवारी आईनं त्याला स्टुलावर बसवून केस कापले. गिटार कपाटावर गेली, ती तिथेच राहिली.

पुढे मामा गेला, दुकान सुसाटचं झालं. लग्न झालं, मुलगी झाली. ग्रंजच्या कॅसेटीही यथावकाश खालच्या फळीवर आल्या आणि मग फळीच गेली.

एका दुपारी पांढरे केस आखूड कापलेल्या एक बाई तोच अॅम्प्लिफायर घेऊन आल्या. शाळेत गणित शिकवत होत्या. स्पीकरचा कागद कुजला म्हणून दुसऱ्या कुणीतरी कोरा बसवून दिला होता.

“दादा, ती वही आहे?”

मामाच्या सगळ्या वह्या होत्या. पान सापडलं. सुसाटनं जाड भिंगाचा चष्मा लावला आणि कोऱ्या कागदावर तीन चिरा पाडल्या. एक लांब, दोन आखूड.

“तुम्हीच तपासा,” म्हणत बाईंनी स्वतःची गिटार पुढे केली.

तीस वर्षांनी बोटं नकळत त्या अडीच मिनिटांवरच गेली. पण फाटक्या कागदातून ते जलद सूर एकमेकांत कालवले गेले, नुसता चिखल झाला. त्याचं त्यालाच हसू आलं. मग त्यानं वेग कमी केला. आणखी कमी केला. तेव्हा कुठे एकेक सूर वेगळा ऐकू यायला लागला, घोगरा, जरा दमलेला.

“त्या शनिवारी हे असं नव्हतं,” बाई म्हणाल्या.

“त्या शनिवारी घाई होती,” सुसाट म्हणाला आणि पुढे वाजवत राहिला.

अडीच मिनिटांचं ते सहा मिनिटं चाललं. मिक्सर न्यायला आलेला एक माणूस दारात थांबला होता. तोही बाहेर गेला नाही.