किरणच्या हेलिकॉप्टरची सेटिंग

आणि परत सांगतो किरण्या, नव्वदच्या वर ठेवून कुणी हेलिकॉप्टर उडवत नसतं!

आज तुला जाऊन वर्ष झालं. तरी मी भांडणार.
चूक तुझी आहे. सांगितलं का नाहीस?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. किरण बेलापूरचा, माझा दोस्त. मी सातवीत शाळा सोडली. तो बारावी झाला, मोबाईल रिपेरिंग करायचा. जुने पार्ट जोडून त्यानं कॉम्प्युटर बनवला, त्यात लढाईचा गेम टाकला. टँक, जेट, हेलिकॉप्टर, सगळं एकाच जॉयस्टिकवर.

मी इकडं कच्छात पोकलेन चालवतो. रोज दहा तास दोन्ही हातात जॉयस्टिक. त्यामुळं सुट्टीवर आलो की वाटायचं, यातलं आपल्यालाच जास्त कळतं.

भांडण एकच. सेन्सिटिव्हिटी. दांडी किती हलवली की गाडी किती वळणार, ते.

टँकला कमी पाहिजे. जेटला मध्यम. हेलिकॉप्टरला एकदम बेताची, नाहीतर नुसती भिंगरी.

गेल्या वर्षी मे महिन्यात चुलतबहिणीच्या लग्नाला आलो. बघतो तर सगळ्याला नव्वदच्या वर! बोट लावलं की हेलिकॉप्टर डोंगरावर.

"आरं, ही काय सेटिंग हाय का?"

"माझ्या हाताला बसती. तू हात लावू नको."

"मी रोज वीस टनाचं मशीन चालवतो. तू मला शिकवतो व्हय?"

"तुझं मशीन मातीत चालतं सच्या. माझं हवेत."

तो आत जेवायला गेला.
तेवढ्यात मी हेलिकॉप्टर पन्नासवर आणलं. सेव्हपण करून टाकलं.

परत येऊन बसला तर हेलिकॉप्टर वळेचना. तीनदा पडला.

मी हसलो. "म्हातारा झाला का रं?"

तोपण हसला. "व्हय. झालो."

आमच्या लाईनीत दुसऱ्याच्या मशीनवर बसलं की आधी बकेट रिकामी हलवून बघतात. आधीच्या माणसाचा हात कसा होता ते कळतं. नवीन हेल्परला पण हे माहीत असतं.
मी तेवढंपण केलं नाही.

नसांचा आजार होता. हाताची ताकद चालली होती. घरच्यांना शपथ घालून ठेवलेली, सच्याला बोलायचं नाही. मला कळलं तेव्हा तो गेला होता.

त्याची आई, कांतामावशी, फोनवर म्हणाली, "भाकरीचा घास उचलंना रं त्याला. तरी ती दांडी सोडंना."

मागच्या रविवारी त्याच्या बहिणीनं, पूनमनं, व्हिडिओ कॉल केला. कॉम्प्युटर विकायचाय म्हणाली. चालू करून दाखवला. किरणनं सेटिंग नावं देऊन ठेवली होती.

हेलिकॉप्टर दिवाळी : ६५
हेलिकॉप्टर संक्रांत : ७८
हेलिकॉप्टर भीमजयंती : ५०

हात कमी होत गेला तसा तो आकडा वाढवत गेला.
पन्नास माझा आहे. त्याचा शेवटचा आकडा मी पुसला.

"मग त्यानं बदललं का न्हाई?" मी विचारलं.

"मी म्हटलं, मी करून देते दादा. तर म्हणला, राहू दे, सच्या आला की भांडून बदलून घेतो. तू गेल्यावर बसलाच न्हाई तो."

लई राग येतोय. कुणाचा ते कळत नाही.

श्रीरामपूरचा गिऱ्हाईक आधी सगळं फॉरमॅट मारणार, मग नेणार. पूनमच्या कॉलेजची फी अडलीय म्हणून मावशी नऊ हजाराला द्यायला निघाली.

आज बेलापूरला किरणच्या वर्षाचं पुण्यानुमोदन आहे. बुद्धवंदना होईल, सगळे येतील. मला ठेकेदारानं सोडलं नाही.

किरण्या, माझं चुकलं. तुझ्यासमोर म्हणालो नसतो, इथं सगळ्यांसमोर म्हणतो.
जा दोस्ता. नीट जा.

पूनम, मावशीला वाचून दाखव. कॉम्प्युटर विकायचा नाही. त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांग. फीचे मी टाकतोय, आत्ताच.

साडेनऊ हजार.