आगाऊ उपकारस्तुती

अशोका गार्डन या वस्तीतल्या मराठी ख्रिस्ती घरांत काही चांगलं घडलं, की उपकारस्तुतीची सभा होते. मुलगा पास झाला, कुणाचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं, की ओळखीची माणसं घरी जमतात, दोन गीतं होतात, पाळक थोडं बोलतात आणि मग पुलाव. घडून गेल्यावर, हे महत्त्वाचं. कमलिनी साळवे यांनी सभा काही घडायच्या आधीच बोलावली.

त्यांची मुलगी जुई नर्सिंग पास झाली होती. शहरातल्याच शाहपुऱ्यातल्या एका खासगी इस्पितळाने तिला निवडलं होतं. फक्त तिने हो म्हणायचं बाकी होतं. ती म्हणत नव्हती. तिला दूर आदिवासी भागात, झाबुआकडच्या एका लहानशा मिशन दवाखान्यात जायचं होतं.

कमलिनीबाईंनी खूप प्रार्थना केली. त्यांच्या प्रार्थनेत देवाला विचारणं कमी, समजावणं जास्त. नवरा, सुभाष, गेल्यापासून घरात त्या दोघीच. जुई गेली तर संध्याकाळी या घरात हाक कुणाला मारायची, हा प्रश्न त्यांनी देवापुढे ठेवला होता आणि उत्तरही सुचवून पाहिलं होतं. विश्वास असेल तर मिळण्याआधीच आभार मानावेत, असं कुठल्याशा प्रवचनात त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी ते धरलं आणि सगळ्यांना फोन केले. एकदा चारचौघांत आभार मानून झाले, की देवाला मागे फिरणं अवघड जाईल, आणि जुईलाही. हे त्या स्वतःशीसुद्धा बोलल्या नसत्या. पण तांदूळ धुणाऱ्या हातांना ते ठाऊक होतं.

मदतीला आलेल्या शेजारच्या अलकाबाई कांदा चिरत होत्या. “पोरगी जॉइन कधी होतेय?”

“होईल ना.”

“म्हणजे अजून पक्कं नाही? मग हे काय, देवाकडे ॲडव्हान्स बुकिंग?”

“अलका, तू कांदा चीर.”

जुई घरात आली तेव्हा बैठकीत भाड्याच्या खुर्च्या मांडून झाल्या होत्या. ती सरळ स्वयंपाकघरात आली. अलकाबाईंनी दोघींची तोंडं पाहिली आणि दही आणायचं निमित्त काढून त्या बाहेर पडल्या.

“आई, कसली सभा आहे?”

“तुझ्या नोकरीची. शाहपुऱ्याच्या.”

“मी सकाळीच त्यांना नाही म्हणून कळवलं.”

कमलिनीबाईंनी गॅस बारीक केला. “मला न विचारता?”

“तू सभा मला विचारून बोलावलीस?”

“तुझ्या भल्यासाठी बोलावली. तिकडे जंगलात जाऊन काय करणार आहेस? इथे काय माणसं आजारी पडत नाहीत?”

“पडतात. इथे नर्सा आहेत.” जुईने ओट्याला पाठ टेकली. “आई, मी वेळेआधी झाले. काचेच्या पेटीत होते. तू देवाला म्हणालीस, हिला जगव, ही तुझीच. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला तू चर्चमध्ये साक्ष देताना हे सांगतेस. बायका डोळे पुसतात. मी पुढच्या बाकावर बसून ऐकायचे. मला ते खरं वाटलं.”

“मी तसं म्हणाले, कारण तू मरत होतीस गं!”

कमलिनीबाईंना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपला तो नवस उघडा दिसला. आपण मुलगी देवाला दिली, आणि देवाने ती आपल्याकडे सांभाळायला ठेवली, असा त्यांनी सोयीचा हिशेब केला होता. तिला संडे स्कूलला पाठवलं, गायनमंडळात बसवलं, आणि नवस फिटला असं धरून त्या निवांत झाल्या होत्या.

दारात चपलांचे आवाज आले.

माणसं बसली. पहिलं गीत झालं. कमलिनीबाईंचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. तरुण पाळक प्रसाद उभे राहिले. “आता साळवेबाई सांगतील, आज कशाबद्दल उपकार मानायचे ते.”

त्या उठल्या. काहीही सांगता आलं असतं. तब्येतीबद्दल, नाहीतर नुसतंच वर्ष बरं गेलं म्हणून. जुई कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती. तिने कुणाला काही सांगितलं नव्हतं. आईची लाज तिने आईच्याच हातात ठेवली होती. घरामागच्या रुळांवरून मालगाडी धडधडत निघाली, आणि इथल्या सवयीप्रमाणे ती जाईपर्यंत सगळे थांबले. डबे संपता संपेनात.

“शाहपुऱ्याच्या नोकरीसाठी बोलावलं होतं,” त्या म्हणाल्या. “ती काही जुईने घेतली नाही. ती झाबुआकडे चाललीय. मी आधीच आभार मानायला निघाले होते. तिला अडवायला.”

कुणीतरी खाकरलं. अलकाबाई पदराशी चाळा करत राहिल्या.

“मग प्रार्थना मी करू का?” पाळकांनी हळूच विचारलं.

“नको, पाळकसाहेब. माझी आहे, मीच करते.”

त्यांनी डोळे मिटले. एरवी त्यांची प्रार्थना सुरू झाली की मुलं चुळबुळायला लागत, इतकी ती लांबे. आज ती थोडक्यातच होती.

“बापा, मला हे नकोय. तुझ्या लेकानेसुद्धा क्रूसावर जायच्या आदल्या रात्री बागेत आधी नकोच म्हटलं होतं. तसंच मीही म्हणते, नको. पण...” खुर्चीची पाठ त्यांनी घट्ट धरली. “पण माझ्या मनासारखं करू नकोस. तुझ्या मनासारखं कर. हे मी तोंडाने बोलतेय, आतून येत नाहीये. माझी मूठ मला सोडवत नाही. तूच सोडव. दुखेल, मला माहीत आहे. तरी सोडव.”

सगळ्यांना वाटलं, संपलं. पाळकांनी मान वर केली.

“आणि तिकडे उन्हाळ्यात पाणी असतं की नाही, तेवढं बघ.”

मागे कुणीतरी हसू दाबलं, कुणीतरी नाक ओढलं. आमेन म्हणायचं कमलिनीबाईंकडून राहूनच गेलं. त्या तशाच उभ्या राहिल्या, डोळे मिटून. त्यांना बसायला सांगायला कुणी पुढे होईना.

शेवटी कोपऱ्यातून जुईने म्हटलं, “आमेन.”