खाली बसवलेली कडी

दिराला तव्याने मारलं म्हणून मी वर्षभर जेलमध्ये होते. सुटून आले आणि खडवलीच्या माझ्या भाड्याच्या खोलीच्या दाराची आतली कडी स्वतः उपटून टाकली. बंद दाराआड मला बसवतच नाही.

घटस्फोटाच्या केसमध्ये मी मुलीचा ताबा मागितलाय. घर बघायला ठाण्याच्या कोर्टाने एक मॅडम पाठवलेल्या. त्यांनी ओटा, मोरी, सगळं पाहिलं आणि दारापाशी थांबून विचारलं, "कडी कुठाय?"

माझे वकील म्हणाले, "ताई, शिक्षेचं मी बघतो, ते कोर्टाला माहीतच आहे. पण बिनकडीच्या घरात सात वर्षांची मुलगी कोण ठेवू देईल?" मला त्यांचा भयंकर राग आला, कारण ते बरोबर बोलत होते.

सुताराला बोलावलं. कडी मुद्दाम खाली बसवून घेतली, पोरीचा हात पोचेल अशी. मला काही झालं तर तिला उघडता यायला हवी. मग रोज संध्याकाळी कडी लावून बसायची सवय करायला लागले. कुकरची एक शिट्टी होईपर्यंत कसाबसा दम धरायचे आणि उठून दार उघडायचे.

परवा कोर्टाच्या परवानगीने ती पहिल्यांदा राहायला आली. चपला काढायच्या आधी तिने दार लोटलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"आता तू कुठे जायचं नाही," म्हणाली.

कुकर अजून लावलाही नव्हता. मी मांडी घातली आणि बसून राहिले.